मराठीची ‘म्राठी’ होते तेव्हा

परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. नवा जिल्हा झाला की नव्या कचेऱ्या येतात, कचेऱ्यांपाठोपाठ अर्ज येतात आणि अर्जांपाठोपाठ ते टाइप करून देणारी दुकाने येतात. आमच्याकडेही तसेच झाले. जिथे लोखंडी टेबलावर टाइपरायटर खडखडत असे, तिथे बघता बघता कॉम्प्युटर येऊन बसला. पाटीवर ‘डीटीपी’ ही तीन अक्षरे आली. नांदेडहून सुटे भाग आणून जोडलेला तो डबा, त्यात विंडोज ९८, मेमरी ३२ नाहीतर ६४ एमबी, वर प्लॅस्टिकचे कव्हर आणि शेजारी लोडशेडिंगच्या भीतीने ठेवलेला यूपीएस. त्याच डब्यावर कोर्टाचे प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका, सोसायटीचा अहवाल आणि माझ्यासारख्याचा कवितासंग्रह असे सगळे निघत असे.

या दुकानांत एक वाक्य वारंवार कानावर पडे. ‘थांबा सर, सॉफ्टवेअर भांडायलेत.’

कॉम्प्युटर अडला, पडदा निळा झाला, अक्षरांच्या जागी चौकटी उमटल्या, एक कळ दाबली आणि दोन अक्षरे आली, की ऑपरेटर हेच सांगायचा. भांडण फारच वाढले तर त्यावर एकच रामबाण उपाय होता, ‘फॉरमॅट मारा.’ म्हणजे सगळे पुसून टाका आणि विंडोजपासून पुन्हा मांडामांड करा. त्या पुसण्यात काय काय गेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हे भांडण मराठीच्या अंगणात आले कुठून आणि ते मिटायला इतकी वर्षे का लागली, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

जुन्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम भांडत ते बहुतेक वेळा जागेवरून. डॉसच्या काळात प्रोग्रामला वापरायला मिळणारी जागा अवघी ६४० केबी. त्यात उंदीर म्हणजे माउस चालवणारा एक छोटा प्रोग्राम बसलेला, छपाईसाठी दुसरा, मराठी दाखवण्यासाठी तिसरा. चौथा आला की पहिला ढकलला जाई. कॉम्प्युटरच्या पोटात जी कार्डे बसवत त्यांनाही स्वतःचा नंबर लागे. आवाजाचे कार्ड आणि प्रिंटर यांनी एकच नंबर धरला की दोघांतला एक मुका होई. मग कार्ड बाहेर काढून त्यावरची चिमुकली टोपी एका काट्यावरून काढून दुसऱ्या काट्यावर बसवायची. विंडोज ९५ पासून हे काम मशीन बरेचसे आपले आपण करू लागले, तर भांडणाची जागा बदलली. अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा काही सामाईक फाइली असतात. नवा प्रोग्राम टाकताना तो आपली फाइल जुनीच्या डोक्यावर आणून ठेवी आणि कालपर्यंत चालणारा दुसराच प्रोग्राम आज उठत नसे. सामाईक बांधावरची भांडणे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

चांगला ऑपरेटर लगेच फॉरमॅट मारत नसे. तो कॉम्प्युटर सुरू होताना एफ ८ ची कळ दाबून सेफ मोडमध्ये जाई. तिथे फक्त अत्यावश्यक तेवढेच चालू असते. तिथे मशीन नीट चालले तर दोष विंडोजचा नाही, नंतर येऊन बसलेल्यांपैकी कुणाचा तरी आहे. मग सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांपैकी निम्मे बंद करायचे आणि बघायचे. भांडण थांबले तर गुन्हेगार त्या निम्म्यात. पुन्हा त्यांचे निम्मे. अशाने वीस संशयितांतून पाच फेऱ्यांत एक माणूस सापडतो. आमच्याकडच्या काही मुलांनी ही रीत कुठल्याही पुस्तकावाचून शोधून काढली होती आणि त्यांच्याकडे बघून मला कौतुक वाटायचे.

मराठीच्या बाबतीत मात्र गुन्हेगार सापडूनही उपयोग नसे, कारण त्याच्यावाचून काम चालत नसे. एकाच मशीनवर तीन-तीन मराठी सॉफ्टवेअर असत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, कुणाकडे आकृती, हिंदी कामासाठी कृतिदेव. प्रत्येकाला कीबोर्डवर आपला ताबा हवा. कळ दाबली की ती आधी मीच पकडणार, असा दोघांचा हट्ट. इंग्रजीतून मराठीत जाण्यासाठी कुणी स्क्रोल लॉकची कळ घेतली, कुणी कॅप्स लॉक किंवा नम लॉक. स्क्रोल लॉक ही कळ जगात फारशी कुणी वापरत नाही. आमच्याकडे मात्र सगळ्यात आधी झिजली ती तीच.

त्यात कळफलकांची तीन गोत्रे. टायपिंगच्या क्लासातून परीक्षा देऊन आलेल्यांची बोटे टाइपरायटरच्या मांडणीला सरावलेली. सरकारने १९८६ साली ठरवलेली मांडणी इनस्क्रिप्टची. आणि इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहिणारे तिसरे. एक ऑपरेटर दुपारी जेवायला गेला आणि दुसरा त्याच्या खुर्चीवर बसला, की संध्याकाळपर्यंत मांडणी कुणी बदलली यावरून माणसेच भांडत.

पण खरे दुखणे याच्याही खाली होते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीचा मोठा ‘ए’ म्हणजे ६५, लहान ‘ए’ म्हणजे ९७, असा करार अमेरिकेत १९६० च्या दशकात झाला. त्याला आस्की म्हणतात. त्यात १२८ जागा होत्या आणि सगळ्या इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे यांनी भरलेल्या. मराठीच्या ‘म’चा आकडा कोणता, याचा असा सर्वमान्य करार बाजारातल्या सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये नव्हता. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचेच आकडे घ्यायचे आणि फाँटमध्ये त्या आकड्यापुढे मराठी अक्षराचे चित्र ठेवायचे. बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात येतो, तसे हे सोंग. डोळ्यांना दिसते मराठी, कॉम्प्युटरच्या वहीत नोंद इंग्रजीची. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहा. आत नोंद होते ती एच, के, के, जे, आर या पाच इंग्रजी अक्षरांची. फाँट काढून घ्या, की तेवढेच उरते.

सोंग घेतले की ते वठवावे लागते आणि तिथेच पंचाईत. वर्ड नावाच्या प्रोग्रामला वाटे, हे सगळे इंग्रजीच आहे आणि फार अशुद्ध आहे. म्हणून पानभर लाल नागमोडी रेघा. शिवाय वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची त्याला सवय. आता कृतिदेवमध्ये लहान ‘ई’ या इंग्रजी अक्षरावर ‘म’ आहे आणि मोठ्या ‘ई’वर अर्धा ‘म्’. तुम्ही वाक्याच्या सुरुवातीला ‘मराठी’ लिहिलेत आणि स्पेसबार दाबलात, की वर्ड अदबीने पहिले अक्षर मोठे करी आणि पडद्यावर उमटे ‘म्राठी’. ‘तरी’ची ‘त्री’ होई. दुरुस्त करा, पुन्हा तेच. ज्याला ऑटोकरेक्ट बंद करण्याची खूण ठाऊक तो ऑपरेटर मोठा, बाकीचे वाक्याच्या सुरुवातीला आधी एक टिंब देऊन मग ते खोडत बसत.

नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर कॉम्प्युटर ती इंग्रजी आकड्यांच्या क्रमाने लावी. अब्दुल कुठे, आनंदा कुठे, काही मेळ नाही. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला तर अक्षरांची खिचडी. इतकेच नव्हे, एकाच फाँटच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतही एखाद-दुसरे चिन्ह जागा बदलून बसलेले असे. याचा फटका मला बसला आहे. माझा एक संग्रह एका दुकानात जुळवला जात असताना मशीनला फॉरमॅट मारला गेला आणि नंतर फाँटची दुसरी आवृत्ती टाकली गेली. मुद्रिते मी आधीच तपासून दिली होती. पुस्तक हाती आले तेव्हा ‘दऱ्या’ या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘दर्या’ छापलेले. हिंगोलीच्या डोंगरातल्या दऱ्यांवर लिहिलेल्या कवितांत असा समुद्र शिरला. घरी दखनी बोलणाऱ्या माझ्या बहिणीने ते वाचून विचारले, ‘ये कौनसी नदी है भाई?’ तिच्या लेखी दर्या म्हणजे नदी. कयाधूच्या काठावर राहणाऱ्या माणसाने यावर काय उत्तर द्यावे?

मराठीला हा ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला फरक फार मोलाचा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, या दोघांना एकाच पंगतीत बसवता येत नाही. हिंदीला याची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनलेल्या फाँटांत तो बऱ्याचदा नसेच.

आता श्रोत्यांना वाटेल, की आपल्या देशातल्या जाणत्या लोकांना हा करार करण्याचे सुचले कसे नाही? सुचले होते आणि फार लवकर सुचले होते. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकाच्या आरंभी देवनागरीवर काम चालू होते. १९८३ साली दिल्लीत झालेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरीत चालणारा संगणक लोकांना दाखवण्यात आला. त्यातून जिस्ट हे तंत्र उभे राहिले. मोहन तांबे हे त्यातले महत्त्वाचे नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि जिस्टचे काम तिकडे आले. या मंडळींनी ओळखले, की आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एका घडणीची आहे. क, ख, ग, घ हा क्रम कन्नडला तोच, बंगालीला तोच, तेलुगूला तोच. म्हणून आस्कीच्या वरच्या मोकळ्या १२८ जागांत त्यांनी सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी बसवली. ‘क’चा आकडा एकच, लिपी कोणती दाखवायची ते वेगळे सांगायचे. एक कळ दाबली की मराठीतले नाव कन्नड लिपीत दिसे. हा संकेत म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने त्याला राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, घडणही वेगळी, म्हणून तिला या मांडणीत न घेता तिच्यासाठी वेगळा संकेत करायचे ठरले.

डॉसवर चालणाऱ्या मशीनमध्ये जिस्टचे कार्ड बसवले की मजकूर या संकेतात साठवला जाई. म्हणजे १९९० च्या आसपास एखाद्या सरकारी कचेरीत लिहिलेले मराठी, आतूनही मराठीच होते. मग गाडी मागे कशी आली? माझ्या समजुतीप्रमाणे ती मागे आणली सुंदर अक्षरांनी. विंडोज आले, त्यावर पेजमेकर आले, घरच्या घरी छापखान्यासारखे पान जुळवता येऊ लागले. पण विंडोजला आणि पेजमेकरला इस्की ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते इंग्रजीसारखे वागणारे फाँट. व्यापाऱ्यांनी राष्ट्रीय मानक बाजूला ठेवून इंग्रजीचे सोंग घेणारे फाँट बाजारात आणले आणि प्रत्येकाने आपापला आकडा ठरवला. त्यांना दोष तरी किती द्यायचा? पेपर दुसऱ्या दिवशी निघायचा होता, पत्रिका लग्नाआधी छापायची होती. शिवाय आकडे वेगळे असले की गिऱ्हाईक बांधलेले राहते, हेही खरेच. एकदा पाच वर्षांचा मजकूर एका फाँटमध्ये साठला की दुसऱ्याकडे जाणार कोण?

गिऱ्हाइकाला बांधण्याचे दुसरे साधन म्हणजे लॉक. पान जुळवण्याची महागडी सॉफ्टवेअर एका आगपेटीएवढ्या खोक्याबरोबर येत. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचे आणि प्रिंटरची केबल त्या खोक्याला. खोके नसेल तर सॉफ्टवेअर उघडणार नाही. मराठीचे एक खोके, उर्दूचे दुसरे. आमच्या भागात मुस्लिम घरची लग्नपत्रिका एका बाजूने उर्दूत आणि दुसऱ्या बाजूने मराठीत छापण्याची पद्धत आहे, म्हणजे दोन्ही खोकी एकापाठी एक लावावी लागत. कधी पहिले दुसऱ्याला सापडू देत नसे, कधी प्रिंटर बंद असला की दोन्ही बेपत्ता. ‘उर्दू आणि मराठी एका मशीनवर नांदत नाहीत बघा,’ असे एका दुकानदाराने मला हसत हसत सांगितले. मी त्याला म्हटले, माझ्या घरात तर नांदतात, तुमच्याच पोर्टात काय बिघडले?

उर्दूची गोष्ट दोन मिनिटे सांगायला हवी, कारण तिने हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकस उतरत जाते, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते. टाइपात ती बसेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे १९८० पर्यंत कातिब हाताने लिहीत आणि त्यावरून छापत. पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरांची हजारो रूपे हाताने काढून घेऊन मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक तयार केले आणि १९८१ मध्ये लाहोरचा ‘जंग’ त्यात निघाला. तेच पुढे दिल्लीच्या कंपनीने १९९४ च्या सुमारास काढलेल्या इनपेज या प्रोग्राममधून आमच्या गल्लीपर्यंत आले. पण विंडोजच्या त्या वेळच्या एका फाँटमध्ये २५६ पेक्षा जास्त चित्रे मावत नसत. म्हणून ती हजारो रूपे ऐंशीहून अधिक फाँटांमध्ये वाटून ठेवलेली. आता विंडोज ९८ ची मर्यादा सगळे मिळून साधारण एक हजार फाँटांची. मराठीचे दोनशे, इंग्रजीच्या सीडीवरून हौसेने भरलेले सहाशे, त्यात उर्दूचे हे ऐंशी-नव्वद. मग मशीन उठायला पाच मिनिटे लावी आणि उठले तरी काही फाँट यादीतून गायब. ‘भांडायलेत’ म्हणतात ते हे. उपाय सोपा होता, न लागणारे फाँट काढून टाकणे. पण फाँट काढायला कुणाचा जीव होत नसे. पत्रिकेसाठी कुणी कधी कोणते वळण मागेल, सांगता येते का?

ज्या १९९१ साली आपले इस्की मानक झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा, ही त्यामागची कल्पना. झेरॉक्स कंपनीतल्या जो बेकर यांनी ती १९८८ मध्ये मांडली होती. देवनागरीला त्यात १२८ जागांचे स्वतंत्र घर मिळाले आणि त्या घराची आखणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून. ‘क’ला २३२५, ‘म’ला २३५०. तुमच्या खिशातल्या मोबाइलवर आज जो मराठी संदेश येतो त्यातल्या अक्षरांचा क्रम कानपूर-पुण्याच्या त्या कामातून आलेला आहे. आमच्या दुकानदारांनी ज्या मानकाकडे पाठ फिरवली होती, ते जगाला वळसा घालून परत आले.

परत यायला मात्र वेळ लागला. विंडोज २००० मध्ये मराठी प्रथमच आतून आले, मंगल हा फाँट घेऊन. पण हिंगोलीच्या दुकानांत विंडोज ९८ होते. मग एक्सपी आले. त्यात मराठी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषेच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत खूण करायची, की ते एक्सपीची सीडी मागे. आता सुटे भाग जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरची सीडी कुणाकडे? ज्याने विंडोज ‘टाकून’ दिले तो नांदेडला. सीडी मिळेपर्यंत युनिकोडमधला मजकूर म्हणजे चौकटींच्या रांगा, नाहीतर सुटलेल्या वेलांट्या. मंगलमधला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा, त्यावरही लोकांची नाराजी होती. मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवून देणारा शासन निर्णय नोव्हेंबर २००९ मध्ये निघाला. मधल्या काळात, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला होता आणि तो पहिल्यापासून युनिकोडमध्ये होता.

डीटीपीच्या दुकानांचा पाय मात्र पेजमेकरमध्ये अडकला होता. २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची, आणि तिलाही युनिकोडची मराठी कधीच कळली नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट बसल्या त्या २०१२ मध्ये. म्हणजे दहा-बारा वर्षे अशी गेली, की लेखक युनिकोडमध्ये लिहून ईमेल करतो आणि छापणाऱ्याला तो जुन्या फाँटमध्ये उलटवून घ्यावा लागतो. आधीचे भांडण एका डब्यात होते, ते आता लेखक आणि छापखाना यांच्यामध्ये आले.

हे उलटवणे दिसते तितके सोपे नाही. टाइपरायटरच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करतात आणि अक्षर मागून. युनिकोडमध्ये जसे उच्चारतो तसे, आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचे उलट. कागदावर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून टाइपिस्ट तो शेवटी देतो, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही उलटापालट नीट जमली नाही, की ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’. मराठी वर्तमानपत्रांचे इंटरनेटवरचे जुने अंक उघडून पाहिलेत तर असे ‘वषर्’ पानोपानी भेटतील.

बातमीत हे चालून जाते. वाचणारा मनात दुरुस्त करून घेतो. पण नावात? ‘इर्शाद’ या नावात रफार आहे. एका कार्यालयातल्या यादीचे जुन्या फाँटमधून रूपांतर झाले आणि आमच्या नात्यातल्या एका मुलाचा ‘इशार्द’ झाला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, यादीत दुसरे. मग ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि ते टाइप करून दिले कोर्टासमोरच्या डीटीपीच्या दुकानाने, जुन्याच फाँटमध्ये.

मराठवाड्याच्या माणसाला कागद न वाचता येण्याचा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू झाली, गावपातळीवर मोडी चालू राहिली. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले. पण जमिनीचा वाद निघाला की आजही १९५४-५५ ची खासरा पाहणी शोधली जाते, जुनी सेतवार काढली जाते आणि मग मोडी किंवा उर्दू वाचणारा म्हातारा गाठावा लागतो. माझ्याकडेही लोक असे उर्दू कागद घेऊन येतात. शिकस्ता वळणात, घाईने लिहिलेले, नुक्ते गाळलेले असले तरी अर्धा दिवस डोळे ताणले की ते लागतात, कारण शाई कागदावर आहे आणि लिपी शिकवणारी माणसे, पुस्तके आहेत. उलट १९९८ साली फ्लॉपीवर साठवलेला एखादा गावचा इतिहास, एखाद्या शाहिराची उतरवून घेतलेली कवने, एखाद्या संस्थेचे पंचवीस वर्षांचे इतिवृत्त यांचे काय? फ्लॉपी वाचणारे यंत्र हवे, ते असले तर पेजमेकर हवा, तो असला तर नेमका तोच फाँट, नेमकी तीच आवृत्ती आणि तिचे खोके हवे. सत्तर वर्षांचा कागद एका माणसाने वाचता येतो आणि पंचवीस वर्षांची फाइल वाचायला पाच वस्तू एकत्र याव्या लागतात.

युनिकोड आले म्हणून सगळे सुरळीत झाले असेही नाही. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. ‘ॲम्ब्युलन्स’, ‘ॲडव्होकेट’ लिहायला मराठीला ते लागते, हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये ते २००८ साली आले. त्याआधी बनलेल्या एक्सपी मशीनवर नव्या मोबाइलमधून आलेला मजकूर उघडला, तर ‘ॲडव्होकेट’ची सुरुवात एका रिकाम्या चौकटीने होते. कोर्टासमोरच्या दुकानात हा शब्द दिवसातून किती वेळा येत असेल, विचार करा. २०१० साली रुपयाचे नवे चिन्ह आले तेव्हा पुन्हा तीच जुनी सोंगाची युक्ती झाली. काही फाँटवाल्यांनी इंग्रजीतल्या एका बिनकामाच्या चिन्हाच्या आकड्यावर रुपयाचे चित्र बसवून दिले आणि काही महिने बिलांवर फाँट नसेल तिथे रकमेआधी एक तिरपा टिंबासारखा फटकारा उमटत राहिला. चिन्हाला स्वतःचा आकडा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाला.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर वाऱ्यावर सोडले. तरी ज्यांचे जुने काम पडून आहे अशा दुकानांत एखादे एक्सपीचे मशीन कोपऱ्यात जपून ठेवलेले असते, कारण नव्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूला ते रुंद प्रिंटर पोर्टच नाही आणि खोके लावायला जागा नाही. त्याला इंटरनेट जोडत नाहीत, त्यावर दुसरे काही टाकत नाहीत, पेनड्राइव्हही विचारून लावतात. ज्याच्याकडे असे मशीन आहे त्याच्याकडे जाऊन, ते चालू आहे तोवर, आपल्या फाइली निदान पीडीएफ करून आणि कागदावर छापून घ्याव्यात, असे मी माझ्या लिहित्या मित्रांना सांगत असतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम आता पूर्वीपेक्षा बरे झाले आहेत. रफार बहुधा जागेवर बसतात, वेलांट्याही. ‘दऱ्या’ मात्र अजून डोळ्यांनी तपासाव्या लागतात. ‘दर्या’ हाही शब्द बरोबरच असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम त्याखाली लाल रेघ ओढत नाही. माझ्या त्या संग्रहाचे रूपांतर सध्या असेच चालले आहे, छापील पुस्तक शेजारी ठेवून, एकेक ओळ वाचत.